दातांसाठी प्लॅनोफिक्स मिळेल का?

पत्र: "मॅडम, पुण्याजवळच्या मांजरी गावात माझी नर्सरी आहे, वय ४८. सकाळी ब्रश केला की बेसिन लाल होतं. खालचे पुढचे दोन दात हलतात, दुखत मात्र काही नाही. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि 'डीप क्लीनिंग' लागेल, चार वेळा यावं लागेल, असं सांगितलं. आई म्हणते, दात साफ करून घेतले की खिळखिळे होतात, मावशीचे तसेच गेले. गेल्या दिवाळीत मी वीस वर्षांची सिगरेट सोडली. त्याआधी हिरडीतून थेंबभर रक्त कधी आलं नव्हतं, म्हणून मेव्हणा म्हणतो, परत सुरू कर. आम्ही फूलगळ थांबवायला प्लॅनोफिक्स फवारतो, छाट कलमांना मुळं फुटायची पावडर लावतो. मग दात गळू नयेत, हिरडी परत भरून यावी, म्हणून लावायचं काही हार्मोन नाही का? तुम्ही जीवरसायन शिकवलंत, म्हणून विचारतो."

उत्तर:

नमस्कार. तीस वर्षं वर्गात उभी राहिले, पण हिरडीला प्लॅनोफिक्स का लावू नये हे एकाही पोराने मला विचारलं नाही. प्रश्न वेडगळ अजिबात नाही. उलट तुम्ही दोन गोष्टींचा असा सांधा जुळवलात, की उत्तर द्यायला मला अर्धी वही चाळावी लागली.

तरी आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. चारही भेटींची सफाई, म्हणजे हिरडीच्या खालपर्यंतची, करून घ्या. सिगरेटला हात लावू नका. आणि या आठवड्यात रक्तातली साखर तपासा, नुसती उपाशीपोटीची नको, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. साखरेचा दाताशी काय संबंध, ते पुढे येतंच.

आता पान का गळतं ते बघू. बंद टेम्पोत रोपं भरून लांब पाठवली, की उतरवताना तळाशी पिवळ्या पानांचा सडा पडलेला असतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा झाडून काढलं असेल. तो इथिलीन वायूचा प्रताप. पूर्वी युरोपातल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे गॅसवर जळत, आणि नळ फुटला की आसपासची झाडं अवेळी बोडकी होत. त्या गॅसमधलं नेमकं काय झाडांना बाधतं, हे १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव याने वाटाण्याच्या कोंबांवर दाखवून दिलं. हा वायू फळं स्वतःच तयार करतात हे पक्कं सिद्ध व्हायला मात्र १९३४ उजाडलं. आपल्याकडच्या आजीला अढीतला एक पिकला आंबा बाकीच्यांना पिकवतो हे ठाऊक होतंच, फक्त त्या वायूचं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पण इथिलीन स्वतः देठ कापत नाही. तो निरोप्या. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पट्टा झाडाने आधीपासून तयार ठेवलेला असतो. पान धडधाकट असेपर्यंत पात्याकडून ऑक्सिन नावाचं झाडाचं हार्मोन खाली झिरपत राहतं, आणि तोवर हा पट्टा इथिलीनचं ऐकत नाही. पान म्हातारं झालं, तहानलं किंवा फाटलं की ऑक्सिनचा ओघ आटतो. मग त्याच पट्ट्यातल्या पेशी सेल्युलेज आणि पॉलिगॅलॅक्टुरोनेज ही विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडतात, आणि दोन पेशींना चिकटवून ठेवणारा डिंक विरघळवतात. वाऱ्याची झुळूक पुरते. तुमचं प्लॅनोफिक्स म्हणजे ४.५ टक्के नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड, ऑक्सिनचाच माणसाने बनवलेला भाऊ. ते फवारलं की पट्ट्याला वाटतं, वरून निरोप अजून येतोय, म्हणून तो धीर धरतो.

हे खोटं वाटत असेल तर तुमच्याकडे कोलियसच्या कुंड्या असतीलच. दोन समोरासमोरची पानं घ्या. दोघांचंही पातं कापून टाका, नुसते देठ ठेवा. एका देठाच्या टोकाला मलमात कालवलेलं ऑक्सिन लावा, दुसऱ्याला नुसतं मलम. नुसतं मलम लावलेला देठ थोड्या दिवसांत बोटाचा धक्का लागताच पडतो, दुसरा हिरवागार उभा. वनस्पतिशास्त्राच्या माझ्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दरवर्षी व्हायचा, आणि दरवर्षी कुणीतरी लेबलं उलटी लावून तिला रडवायचं.

आता दात. दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यात साधारण पाव मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत आडवेतिडवे तंतू ताणलेले असतात. दात त्यांवर टांगलेला असतो, म्हणूनच चण्याचा खडा दाताखाली आला तर जबडा हादरत नाही. हे तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे. तीन धाग्यांचा पीळ घातलेला दोर डोळ्यासमोर आणा. हा पीळ इतका घट्ट असतो की शरीरातली साधी प्रथिनं पचवणारी विकरं त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. त्याला खास कात्री लागते, तिचं नाव कोलॅजिनेज. ती दोर एकाच ठरावीक जागी कापते, एक तुकडा पाऊण लांबीचा, दुसरा पाव. एवढं झालं की शरीराच्या उष्णतेने पीळ आपोआप उलगडतो आणि बाकीची विकरं तो फस्त करतात.

प्राण्याच्या शरीरात ही कात्री पहिल्यांदा सापडली कुठे? बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. १९६२ मध्ये अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना प्रश्न पडला होता, की पावसाळी डबक्यातल्या बेडूकमाशाची एवढी मांसल शेपटी जाते कुठे. ती तुटून पडत नाही, आतल्या आत विरघळते. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की शेपटीच्या पेशी ही कात्री स्वतः सोडतात. कात्री शेपटीची, शेपटी बेडकाची, हुकूम त्याच्याच हार्मोनचा. बाहेरचं कुणी नाही.

तुमच्या हिरडीतली कात्रीही बहुतांश तुमचीच आहे, आणि माझ्या सगळ्या सल्ल्याचं मूळ इथे आहे. लोकांना वाटतं, किडे हिरडी खातात. जंतू असतात, शेकड्याने जातींचे असतात, आणि त्यांतल्या काहींकडे स्वतःच्या कात्र्याही असतात, हे खरं. पण मोठी मोडतोड आपलीच फौज करते. हिरडीच्या कडेला पांढरट बुळबुळीत थर, त्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, तो साचला की पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्या पोतडीत कोलॅजिनेज तयार भरलेलंच असतं. त्या पोतड्या तिथेच रिकाम्या होतात. सोबत असे रासायनिक निरोप सुटतात की हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि जंतूंपासून लांब सरकावं तसं हाड खाली सरकतं. थर रोज तिथेच, म्हणून लढाई रोज तिथेच. दुखत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो, कारण दुखलं असतं तर तुम्ही पाच वर्षांपूर्वीच डॉक्टरकडे गेला असता.

मग पानगळ आणि दातगळ एकच का? नाही, आणि प्लॅनोफिक्स न चालण्याचं कारण हेच. माणसात खरी पानगळ एकदाच होते, दुधाचे दात पडतात तेव्हा. तिथे शरीर ठरवून, वरचेवर थांबत थांबत, दुधाच्या दाताचं मूळ स्वतः पोखरतं. सहा वर्षांच्या पोराचा पडलेला दात हातात घेऊन बघा, खाली मूळ जवळजवळ नसतंच. झाडाने देठामागे बुचाचा थर धरावा तशी जखम झटकन बंद होते, मागे नवा दात उभा असतो. तुमच्या ४८ व्या वर्षी हलणाऱ्या पटाशीच्या दातांमागे कुणी उभं नाही, आणि तिथे ठरवून काही चाललेलंही नाही. ती भांडणातली नासधूस आहे. ऑक्सिनसारखा 'थांब' म्हणणारा एक निरोप तिथे नसतो. भांडणाचं कारण उचलावं लागतं.

कारण उचललं की काय होतं, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हॅराल्ड ल्यो यांनी फार साध्या रीतीने दाखवलं. १२ निरोगी माणसं, बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, त्यांना दात घासायचं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावलं, आठवडाभरात बऱ्या झाल्या. हिरडीला चोळायचं काही नव्हतं, फक्त थर उचलला. याच माणसाने पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे ४८० मजूर वर्षानुवर्षं तपासले. दात घासायची त्यांना सवयच नव्हती. त्यांतल्या ८ टक्क्यांचं नुकसान झपाट्याने झालं, ८१ टक्क्यांचं बेताने, आणि ११ टक्क्यांचं हिरडी सुजण्यापलीकडे काहीच झालं नाही. तेव्हा तुमच्या गावात एखादे आजोबा कधी ब्रश न धरता नव्वदीत ऊस सोलून खात असतील, तर त्यांचं उदाहरण कुणी दिलं की मान डोलवा आणि विसरा. ते अकरांतले. तुम्ही नाही, तुमचे दात हलताहेत.

मेव्हण्यांचं म्हणणं. त्यांनी पाहिलं ते खरं, लावलेला अर्थ उलटा. सिगरेटने हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद दबतो. आत पोखरणं चालू असतं, पण रक्त येत नाही. तुमची हिरडी वीस वर्षं निरोगी नव्हती, मुकी होती. सिगरेट सुटली, वाहिन्या भानावर आल्या, आणि आता ती बोलू लागलीये. एवढंच नाही, ओढणाऱ्यांमध्ये डीप क्लीनिंगचा गुणही कमी येतो. सोडून सफाईला बसताय, हा मुहूर्त चांगला आहे.

आईंचं म्हणणं जरा नाजूक, कारण मावशींचे दात खरंच गेले. तुमच्या भाषेत सांगते. मुळं सडलेलं एखादं रोप कुंडीतल्या घट्ट ढेकळामुळे ताठ उभं असतं. पिशवी बदलताना ढेकूळ फोडलं की रोप आडवं. फोडणाऱ्याने मुळं सडवली का? वर्षानुवर्षांचं कीटण हे ते ढेकूळ. ते एका दाताला दुसऱ्याशी जखडून ठेवतं. काढलं की सूज उतरते, दातांमध्ये फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं, आणि दात मुळात किती हलत होता ते पहिल्यांदा कळतं. मावशी बहुधा फार उशिरा गेल्या असतील. हे आईंना सांगताना 'तुला कळत नाही' असा सूर लावू नका. तो फायद्याचा नाही.

कलमाच्या पावडरीचं उत्तर देते, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात आशावादी भाग तो आहे. काडीला मुळं फुटतात कारण झाडाच्या कित्येक पेशी मागे फिरून पुन्हा कोवळ्या होऊ शकतात. ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन हे दुसरं हार्मोन कमी, तर मुळं. उलटं, तर कोंब. हे १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांना तंबाखूच्या खोडाच्या गाभ्यावर उमगलं. (तंबाखूचा मला ठाऊक असलेला एवढा एकच उपकार.) आपल्या हिरडीतल्या पेशी तशा मागे फिरत नाहीत. सूज जाईल, रक्त थांबेल, हिरडी गुलाबी होऊन दाताला घट्ट बिलगेल. पण गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी गेलंच. काही खोल, अरुंद खड्ड्यांत शस्त्रक्रिया करून थोडं परत मिळवता येतं, ते एक्स-रे बघून डॉक्टरच सांगतील. आहे ते टिकवायचं, हा व्यवहार आहे.

आणि तरीही, तुमच्या प्लॅनोफिक्सच्या अगदी जवळ जाणारं एक औषध आहे! डॉक्सिसायक्लिन, एक अँटिबायोटिक. १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे लॉर्न गोलब यांच्या लक्षात आलं, की या कुळातली औषधं जंतू मारण्याशिवाय आणखी एक काम करतात, कोलॅजिनेज अडवतात. ही औषधं धातूंना पकडतात आणि कात्रीच्या मधोमध जस्त असतं. १९९८ मध्ये अमेरिकेत २० मिलिग्रॅमची गोळी याच कामासाठी मंजूर झाली. मात्रा इतकी थोडी की जंतू मरत नाहीत, कात्री तेवढी बोथट होते. पण तिचा उपयोग सफाईच्या जोडीला, तोही सगळ्यांना नाही, आणि फायदा बेताचा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून १०० मिलिग्रॅमचं पाकीट आणून सुरू करू नका. पाण्याचा ताण तसाच ठेवून नुसतं प्लॅनोफिक्स मारलं तर फुलं किती दिवस टिकतात, ते तुम्हाला सांगायला नको.

साखरेचं राहिलं. रक्तात साखर जास्त असली की ती कोलॅजेनला चिकटते, दुरुस्ती मंदावते आणि फौज जास्त पिसाळते. उलट दिशेनेही असतं: मधुमेह्यांच्या हिरड्या नीट साफ केल्या की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.४ ने उतरतो. मला स्वतःला माझा मधुमेह दातांच्या डॉक्टरांमुळेच कळला. 'मॅडम, हिरड्या बघता साखर तपासा' असं ते म्हणाले, आणि मी त्यांच्याशी वाद घातला होता. जीवरसायनाची बाई, आणि वाद!

आता डॉक्टरांकडे काय विचारायचं. बारीक खुणांची सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये घालून ते खोली मोजतात. प्रत्येक दाताच्या सहा जागांचे आकडे कागदावर मागून घ्या. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चारपासून पुढे खिसा. पाच-सहा मिलिमीटरच्या तळाशी जगातला कुठलाही ब्रश पोचत नाही, म्हणून तर ते चार वेळा बोलावताहेत. जागा बधिर करून काम होतं, दुखण्याची भीती नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. खालचे दोन हलणारे दात शेजारच्यांना आतून बांधून घेता येतील का, तेही विचारा. दोन-तीन महिन्यांनी परत मोजायला लावा आणि दोन कागद शेजारी ठेवून बघा. पुढेही दर तीन-चार महिन्यांनी जायचं आहे, एकदा करून मोकळं होता येत नाही. खर्च जड वाटला तर पुण्यातल्या दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम कमी पैशांत करतात. वेळ जास्त जातो, पण घाईने होत नाही.

घरी मऊ ब्रश. रक्त येतं ती जागा लोक टाळतात, तुम्ही तिथेच हलक्या हाताने जास्त वेळ द्या. दातांमधल्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती मिळते, ती रात्री फिरवा. दोरा मांजरीच्या दुकानात मिळेल, पण तुमच्या फटी रुंद झाल्या असणार, तिथे हा ब्रश बरा. मिठाच्या कोमट पाण्याने बरं वाटतं, थर मात्र निघत नाही. आवळा जरूर खा, क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचा पीळ नीट बसत नाही, पण तुमचं दुखणं आवळ्याच्या कमतरतेचं वाटत नाही.

एक विचारायचं राहिलं. आई मिश्री लावतात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यांच्या पिढीत विचारावंच लागतं. लावत असतील तर पहिल्याच भेटीला त्यांनाही सोबत न्या आणि गालाच्या आतली बाजू, जिभेची कड दाखवून घ्या. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर ती तुमच्या दातांच्या आधी. "मला सोबत पाहिजे" म्हणालात तर त्या येतील. दात तपासायला चल म्हणालात तर येणार नाहीत.